महाधमनीतून किती रक्त जातं? एमआरआयवर प्रवाह मोजण्याची रीत

साक्री तालुक्यात पांझरेकाठी आमच्या गावाला फडाची बागायत. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटाला फुटलेल्या चाऱ्या आणि चाऱ्यांवर भिजणारे फड. माझे वडील बरीच वर्षं पाटकरी होते. पाण्यावरून तक्रार आली की ते पाटाच्या सरळ भागात दहा पावलं मोजायचे, दोन्ही टोकांना काठी रोवायचे आणि ज्वारीचं वाळलेलं धाट पाण्यात सोडायचे. धाट पहिल्या काठीपासून दुसरीपर्यंत जाईस्तोवर मनात आकडे. मग पाटाची रुंदी, पाण्याची खोली. वेग गुणिले छेद, म्हणजे किती पाणी चाललंय ते कळलं. वर ते सांगायचे, "मधलं पाणी पळतं, कडेचं आणि तळाचं रेंगाळतं. धाटावर सगळा भरवसा ठेवू नको."

आज मी जळगावात एमआरआयच्या कन्सोलवर बसतो आणि महाधमनीतलं रक्त मोजतो. गणित तेच आहे. फरक एवढाच की मशीन एक धाट सोडून थांबत नाही. रक्तवाहिनीच्या छेदाचे शेदोनशे बारीक चौकोन करून प्रत्येकातला वेग वेगळा मोजतं, मधला आणि कडेचाही, आणि हृदयाच्या एका ठोक्यात पंचवीस-तीस वेळा मोजतं. म्हणून ही मोजणी नीट केली तर फार विश्वासाची आहे. नीट केली नाही तरी मशीन आकडा छापतंच, तोही दशांशासकट. या क्षेत्रात नव्याने आलेल्या टेक्निशियन मुलामुलींसाठी आणि घरातल्या कुणाला ही तपासणी सांगितली आहे अशांसाठी मी ही रीत सविस्तर लिहितो आहे.

आधी चिठ्ठी नीट वाचा

'हृदयाचा रक्तप्रवाह' असं लिहिलेल्या चिठ्ठीचे दोन अर्थ निघतात. एक, हृदयाच्या स्नायूला रक्त पुरेसं पोहोचतं का. त्याला परफ्युजन म्हणतात. त्यात गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट औषधाचं इंजेक्शन लागतं आणि बहुतेकदा हृदयावर ताण आणणारं औषधही. दुसरा, हृदयातून बाहेर पडणारं आणि झडपांमधून मागे येणारं रक्त किती. ही फेज कॉन्ट्रास्ट तपासणी, आणि हा लेख तिच्यावरच आहे. नावात कॉन्ट्रास्ट असलं तरी हिला कोणतंही इंजेक्शन लागत नाही. किडनी कमजोर असलेल्या रुग्णाचे नातेवाईक या नावालाच घाबरतात, त्यांना हे आधी सांगा.

ही तपासणी कधी लागते? झडपांच्या आजारात पहिली तपासणी टू-डी इकोच, आणि ती आता तालुक्याच्या गावीही होते. पण छाती जाड असली, फुप्फुसं फुगलेली असली की इकोच्या ध्वनिलहरींना हृदयापर्यंत जायला खिडकी मिळत नाही. कधी एक डॉक्टर गळती मध्यम म्हणतात आणि दुसरे तीव्र. कधी हृदयाला छिद्र असलेल्या मुलाचं किती रक्त नको त्या वाटेने फिरतंय हे ठरवायचं असतं. जन्मजात दोषाची लहानपणी शस्त्रक्रिया झालेल्यांच्या फुप्फुस-धमनीची झडप पुढे गळू लागते, तेही मोजावं लागतं. अशा वेळी एमआरआयचा आकडा निर्णय फिरवू शकतो.

मशीन वेग कसा ओळखतं

शरीरातल्या पाण्यातले हायड्रोजनचे प्रोटॉन चुंबकात ठरावीक गतीने गिरकी घेतात. १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये ही गिरकी सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा होते. मशीन चुंबकीय क्षेत्राला क्षणभर एका दिशेने उतार देतं आणि लगेच तितकाच उलटा उतार देतं. जागच्या जागी असलेल्या प्रोटॉनची गिरकी पुढे सरकली तेवढीच मागे येते आणि हिशोब शून्य होतो. पण दोन उतारांच्या मधल्या वेळात जो प्रोटॉन पुढे गेला, त्याचा हिशोब फिटत नाही. त्याच्या गिरकीत थोडा कोन शिल्लक राहतो. हा शिल्लक कोन, म्हणजेच फेज, वेगाच्या प्रमाणात असतो. वेग दुप्पट तर कोन दुप्पट.

पाणी सरकलं की गिरकीचा कोन बदलतो हे १९६० साली अर्विन हान यांनी मांडलं होतं, तेही समुद्राच्या पाण्याची हालचाल ओळखण्याच्या संदर्भात. हृदयाच्या ठोक्याबरोबर रक्ताचा वेग चित्रात टिपण्याची पद्धत १९८०च्या दशकात लंडनच्या संशोधकांनी बसवली. पाण्यावरून सुरू झालेली कल्पना रक्तापर्यंत आली, हे मला पांझरेकाठचा माणूस म्हणून फार जवळचं वाटतं.

पडद्यावर दोन चित्रं मिळतात. एकात रक्तवाहिनीचा आकार दिसतो, ते मॅग्निट्यूड. दुसऱ्यात वेग दिसतो, ते फेज. फेजच्या चित्रात स्थिर मांस राखाडी, एका दिशेचं रक्त पांढरं, उलट दिशेचं काळं. फुप्फुसातल्या हवेत जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तशा मुंग्या दिसतात. तिथे मोजण्यासारखं काही नसतं, त्याकडे पाहू नका. वर जाणारी महाधमनी आणि पाठीकडून खाली उतरणारी महाधमनी एकाच चित्रात आल्या तर एक पांढरी आणि दुसरी काळी दिसलीच पाहिजे. दिशा बरोबर वाचतोय ना, याची ही सगळ्यात सोपी खूण.

पायरी १: माणूस तयार करा

निम्मं काम इथे होतं, आणि घाईही इथेच होते.

धातूची विचारपूस वरवर करू नका. पेसमेकर आहे का, मेंदूच्या नसेवर क्लिप आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे वेगवेगळे प्रश्न विचारा. लेथवर किंवा वेल्डिंगवर काम केलेल्या माणसाला शेवटचा प्रश्न दोनदा विचारा. काही पेसमेकर एमआरआयला चालतात, पण त्याचं कार्ड पाहून आणि हृदयरोगतज्ज्ञांशी बोलूनच. बायपासनंतरच्या छातीतल्या तारा, स्टेंट आणि बहुतेक कृत्रिम झडपा यांनी धोका नसतो. फक्त त्यांच्या आसपास चित्रात काळा डाग पडतो, म्हणून मोजणीची जागा थोडी दूर घ्यावी लागते.

आपल्याकडच्या काही गोष्टी परदेशी फॉर्मवर नसतात. करदोडा आणि त्यातला ताईत, दंडातला काळा दोरा, जोडवी, सातपुड्यातल्या बायांच्या हातापायातले चांदीचे वाळे. चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण कडं हे विजेच्या दृष्टीने बंद वेटोळं असतं आणि ते तापू शकतं. लुगड्याच्या काठात जरीची धातूची तार असू शकते, म्हणून हॉस्पिटलचा गाऊनच द्या. ताईत काढायला आजी कचरतात. मी त्यांच्या लेकाच्या किंवा सुनेच्या हातात तो त्यांच्यासमोर देतो, "बाहेर आलात की लगेच बांधू" म्हणतो आणि तसं करतोही.

मग ईसीजी. प्रवाहाची मोजणी ठोक्याशी बांधलेली असते. ठोका चुकला की सगळंच चुकलं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. माणूस उन्हातून आलेला, छाती घामाने ओली, आणि इलेक्ट्रोड पंधरा मिनिटांत सुटतो. त्याला आधी गार खोलीत बसवा. छातीवरचे केस काढा, गॉजने त्वचा कोरडी घासा, जेल लावून पुसा, मगच इलेक्ट्रोड चिकटवा. ही पाच मिनिटं पुढची वीस वाचवतात.

आता एक चकवा. टेबल बाहेर असताना ईसीजी सुरेख दिसतो आणि माणूस बोगद्यात गेला की टी ही मागची बुटकी लाट अचानक आर या ठोक्याच्या मुख्य, टोकदार लाटेएवढी उंच होते. माणसाला काही झालेलं नसतं. रक्त हा विद्युतवाहक द्रव आहे. तो बलवान चुंबकीय क्षेत्रात महाधमनीतून वेगाने वाहू लागला की स्वतःच थोडा विद्युतदाब तयार करतो आणि तो नेमका टी लाटेवर चढतो. मशीन टीलाच आर समजलं तर ठोका भलतीकडूनच मोजला जातो. म्हणून टेबल आत गेल्यावर पडद्यावरच्या खुणा आरच्या शेंड्यावर पडताहेत का ते डोळ्यांनी बघा. पडत नसतील तर इलेक्ट्रोड एकमेकांच्या जवळ लावा, जागा थोडी बदला आणि मशीनला लय पुन्हा ओळखायला लावा. तारांना वेटोळं पडू देऊ नका आणि तार उघड्या त्वचेला टेकू देऊ नका. तारेने भाजण्याचे प्रकार असेच होतात.

शेवटी श्वासाची तालीम. "श्वास रोखा" हे हेडफोनमधून पहिल्यांदाच ऐकलं तर माणूस बिचकतो. मी टेबलावरच, मशीनबाहेर, तीनदा करून घेतो. धुळ्याकडची एखादी आजी असली तर अहिराणीत सांगतो, "दम सोड माय, आते धर, काही व्हत नही." ऐकून आजी हसतात, आणि एकदा हसल्या की आत घाबरत नाहीत. श्वास सोडून थांबायला सांगा. प्रत्येक वेळी छाती त्याच जागी येते. भरून घेतलेल्या श्वासाला तो नेम नाही.

लहान मुलांचं वेगळं. आठ-नऊ वर्षांचं मूल समजावून सांगितलं तर बिनझोपेचं होतं, मी आईला किंवा बापाला तपासून आत उभं करतो. तान्हं बाळ पोटभर पाजून, गुंडाळून झोपवलं तर कधीकधी तेवढ्यावर भागतं. मधल्या वयाला झोपेचं औषध लागलंच तर भूलतज्ज्ञ हजर असल्याशिवाय नाही.

पायरी २: प्लेन

हृदयाच्या नेहमीच्या हलत्या चित्रांत महाधमनी दोन कोनांतून दिसते. एक बाजूने, एक समोरून. मोजणीची स्लाइस, म्हणजे जिथे मोजायचं तो पातळ काप, या दोन्ही चित्रांत धमनीला काटकोनात बसली पाहिजे. एकातच पाहून बसवली तर दुसऱ्यात ती हमखास तिरपी असते. वडील पाट आडवा मोजताना दोरी दोन्ही काठांवरून ताणून बघायचे, तसंच हे.

तिरपी झाली तर किती बिघडतं? एकूण प्रवाहाचं फार बिघडत नाही, कारण तिरप्या छेदात क्षेत्रफळ वाढतं आणि वेग तेवढ्याच प्रमाणात कमी भरतो. पण कमाल वेग मार खातो. २० अंशांच्या तिरपेपणाने तो सुमारे ६ टक्के कमी येतो, ३० अंशांनी १३ टक्के. झडप अरुंद झाल्याची शंका असेल तर ही तूट परवडत नाही.

जागा कुठली घ्यायची? झडप गळते का हे पाहायचं असेल तर झडपेच्या जवळ, साधारण जिथे महाधमनीचा फुगीर बुंधा संपतो आणि सरळ नळी सुरू होते तिथे. जसजसं वर जाल तसतशी गळती कमी दिसते, कारण फुगलेली धमनी स्वतःच थोडं रक्त साठवते. फुप्फुस-धमनीसाठी झडपेच्या पुढे आणि दोन फाटे फुटण्याच्या अलीकडे. ही धमनी आखूड आणि तिरकी आहे, तिला वेळ द्या. जी जागा घ्याल ती मशीनच्या चुंबकाच्या बरोबर मध्यावर येईल असं टेबल सरकवा. याचं कारण पाचव्या पायरीत.

पायरी ३: व्हेंक

या तपासणीत एकच आकडा तुमच्या हातात पूर्णपणे असतो, तो व्हेंक. म्हणजे मशीनने कमाल किती वेग वाचायचा ती मर्यादा. शिल्लक कोन उणे १८० पासून अधिक १८० अंशांपर्यंतच वाचता येतो. व्हेंकएवढ्या वेगाला कोन बरोबर १८० होतो. त्यापुढे गेला की १९० अंश आणि उणे १७० अंश यांत मशीनला फरक कळत नाही, आणि पुढे धावणारं रक्त उलटं वाहताना दिसतं. घड्याळाचा काटा बारावरून पुढे गेला आणि तुम्ही तो बाराच्या आधीचा समजलात, तसं.

मग व्हेंक भरमसाट मोठा का ठेवू नये? कारण वेगातला गोंगाट व्हेंकच्या प्रमाणात वाढतो. गव्हाची पोती तोलायच्या वजनकाट्यावर केळफुलाचं वजन करायला गेलात तर काटा हलतच नाही, तसं मंद वाहणारं रक्त गोंगाटात हरवतं. अपेक्षित कमाल वेगापेक्षा साधारण १० ते २५ टक्के वर, हे बरं.

निरोगी महाधमनीसाठी मी १५० ते २०० सेंमी प्रतिसेकंदापासून सुरू करतो. फुप्फुस-धमनीसाठी १०० ते १५०, मोठ्या शिरांसाठी ५० ते १००. झडप अरुंद असेल तर इकोच्या रिपोर्टवरचा वेग बघा आणि त्याच्या थोडं वर जा, ३०० असो की ४५०. इकोचा रिपोर्ट मागवल्याशिवाय मी अशा रुग्णाला टेबलावर घेत नाही.

ही सवय मला एका चुकीने लावली. सुरुवातीच्या काळात महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असलेला एक तरुण तपासणीला आला होता. मी नेहमीप्रमाणे १५० लावला. फेजच्या चित्रात पांढऱ्या वर्तुळाच्या मधोमध काळा ठिपका होता, बुब्बुळासारखा. मला वाटलं सुंदर आलंय. सॉफ्टवेअरने मिनिटाला २.१ लिटर एवढा प्रवाह काढला. मी तो कागदावर उतरवणार तेवढ्यात दाराशी उभ्या त्या तरुणाने मला विचारलं, "झालं का, मला चोपड्याची एसटी धरायचीय." मिनिटाला दोन लिटर रक्तावर माणूस एसटीमागे धावू शकत नाही. त्याला थांबवलं, व्हेंक ३०० केला, बुब्बुळ गेलं आणि आकडा ५.४ लिटर आला. सर्वांत जास्त वेग जिथे असायला हवा नेमका तिथेच काळा ठिपका आला, तर व्हेंक कमी पडलाय. परत घ्या.

पायरी ४: चित्र घेताना

स्लाइसची जाडी ५ ते ८ मिमी. चौकोनाचा आकार असा की वाहिनीच्या व्यासात निदान सहा-आठ चौकोन मावतील. मोठ्या माणसाच्या ३० मिमीच्या महाधमनीला २ मिमीचे चौकोन भरपूर झाले, पंधरा बसतात. पण लहान मुलाच्या ८ मिमीच्या फाट्यात ते चारच बसतात, आणि त्यातले दोन कडेचे, अर्धे रक्तात अर्धे भिंतीत. तिथे चौकोन बारीक करा, वेळ जास्त लागला तरी चालेल.

गेटिंग, म्हणजे मोजणी ठोक्याशी बांधणं, मागाहून जुळवणारं (रेट्रोस्पेक्टिव्ह) निवडा. दुसऱ्या पद्धतीत मशीन ठोक्याच्या शेवटी पुढच्या आरची वाट पाहत थांबतं आणि शेवटचा भाग मोजायचा राहतो. झडप गळते ती ठोक्याच्या याच उत्तरार्धात, म्हणजे गळतीच निसटते.

श्वास रोखून एक मोजणी १५-२० सेकंदांत होते. ज्याला दम लागतो त्याच्यासाठी मोकळ्या श्वासावर दोन-तीन सरासऱ्या घ्या, दोन-तीन मिनिटं लागतात. माझं मत विचाराल तर प्रवाहासाठी मोकळा श्वासच बरा. श्वास रोखला की छातीतला दाब बदलतो आणि हृदयाकडे परतणारं रक्तही बदलतं. माणूस दिवसभर ज्या अवस्थेत जगतो, ती मोजावी. ठोका अनियमित असेल, एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर सरासऱ्या वाढवा आणि रिपोर्टात तसं लिहा.

पायरी ५: आकडा काढताना

चित्र मिळालं की वाहिनीभोवती रेघ काढायची. मॅग्निट्यूडच्या चित्रावर काढा आणि फेजवर तपासा. महाधमनी ठोक्याबरोबर फुगते आणि सरकते, म्हणून पहिल्या चित्रातली रेघ उरलेल्या एकोणतीस चित्रांवर तशीच चिकटवू नका. सॉफ्टवेअर आपोआप काढतं, पण प्रत्येक चित्र एकदा पुढे-मागे करून बघाच. शेजारची वरची महाशीर किंवा उजव्या कर्णिकेचा कोपरा रेघेत येऊन बसतो.

मग पार्श्वभूमीची चूक. उतार चालू-बंद होताना मशीनच्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि स्थिर मांसालाही थोडा खोटा वेग चिकटतो. तो मध्यापासून दूर वाढत जातो, म्हणून वाहिनी मध्यावर घ्यायची. हा वेग सेकंदाला एखादा सेंटिमीटरच असतो. नगण्य वाटेल, पण हिशोब करून बघा. धमनीचं क्षेत्रफळ ८ चौसेंमी, ठोका ०.८८ सेकंदाचा. ८ गुणिले १ गुणिले ०.८८, म्हणजे दर ठोक्याला ७ मिली खोटं रक्त.

समजा खऱ्या मोजणीत दर ठोक्याला ११२ मिली पुढे गेलं आणि ३८ मिली मागे आलं. गळतीचं प्रमाण ३८ भागिले ११२, ३४ टक्के. आता हाच एक सेंटिमीटरचा खोटा वेग पुढच्या दिशेने मिसळा. पुढचं रक्त ११४ होतं, मागचं ३३ वर येतं आणि गळती २९ टक्के होते. सर्वसाधारणपणे ३० टक्क्यांच्या खाली सौम्य, ३० ते ४९ मध्यम आणि ५० पासून तीव्र धरतात. एका सेंटिमीटरने माणूस एका रकान्यातून दुसऱ्यात गेला. म्हणून छातीच्या भिंतीत किंवा पाठीच्या स्नायूत एक वर्तुळ काढा आणि तिथला वेग शून्याजवळ आहे का बघा. नसेल तर रुग्ण उतरल्यावर त्याच जागी फँटम, म्हणजे पाण्याने किंवा जेलने भरलेला डबा, ठेवून, एकही सेटिंग न बदलता तीच मोजणी करा आणि ती वजा करा. ईसीजी तेव्हा मशीनचा बनावट चालतो. दहा मिनिटं जातात, बाहेर पुढचा रुग्ण बसलेला असतो. तरी करा.

उरलेले आकडे सोपे आहेत. पुढचं वजा मागचं म्हणजे निव्वळ प्रवाह, वरच्या उदाहरणात ७४ मिली. त्याला नाडीने गुणा. ६८ ठोके असतील तर मिनिटाला ५ लिटर. विश्रांतीत मोठ्या माणसाचं हृदय साधारण ४ ते ८ लिटर फेकतं. अरुंद झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक काढायला मीटरमधल्या वेगाचा वर्ग करून चारने गुणतात. ३ मीटर प्रतिसेकंदाला ३६ मिमी पारा. मात्र अरुंद झोताचा कमाल वेग एमआरआय कमीच दाखवतं. त्या एका आकड्यासाठी चांगल्या इकोवर जास्त विश्वास ठेवा.

पायरी ६: हिशोब जुळवा

वडील पाटाच्या तोंडाशी मोजून थांबत नसत. सगळ्या चाऱ्यांवर मोजून बेरीज करायचे. बेरीज जुळली नाही तर पाट कुठेतरी फुटलाय, नाहीतर मोजण्यात चूक आहे.

हृदयाचंही हेच. छिद्र नसेल तर महाधमनीतून गेलेलं निव्वळ रक्त आणि फुप्फुस-धमनीतून गेलेलं निव्वळ रक्त पाच-दहा टक्क्यांच्या फरकाने सारखं आलं पाहिजे. फुप्फुस-धमनीच्या उजव्या-डाव्या फाट्यांची बेरीज मूळ धमनीएवढी भरली पाहिजे. आणि हलत्या चित्रांवरून डाव्या कप्प्याचं आकारमान मोजून दर ठोक्याला तो किती रक्त फेकतो हे वेगळं काढता येतं. डाव्या कप्प्यात रक्त येण्याच्या वाटेवरची मिट्रल झडप गळत नसेल तर ते महाधमनीत पुढे गेलेल्या रक्ताएवढं येतं. गळत असेल तर दोहोंतला फरक हीच मिट्रलची गळती. कप्प्याने ९८ मिली फेकलं, महाधमनीत ६६ पोहोचलं, तर ३२ मागे गेलं. मिट्रल झडप ठोक्याबरोबर वरखाली हलत असते, तिच्यावर थेट मोजण्यापेक्षा ही वजाबाकी भरवशाची.

शाळांमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं मुलं तपासतात, आणि त्यातली काही हृदयात छिद्र असल्याच्या शंकेने पुढे येतात. अशा मुलांसाठी हीच बेरीज-वजाबाकी उलट वापरायची. फुप्फुसाकडे गेलेलं रक्त भागिले शरीराकडे गेलेलं रक्त. नऊ वर्षांच्या एका मुलाचं महाधमनीत ३८ मिली आलं, फुप्फुस-धमनीत ७६. गुणोत्तर २. म्हणजे फुप्फुसं दुप्पट रक्त झेलत होती. हे गुणोत्तर १.५च्या वर गेलं की छिद्र बंद करण्याचा विचार डॉक्टर करतात, अर्थात फुप्फुसातला दाबही पाहून. मी ७६ वर थांबलो नाही. हलत्या चित्रांवर डाव्या कप्प्याचे ३९ आणि उजव्याचे ७८ आले. चार आकडे, दोन वेगळ्या पद्धती, आणि हिशोब जुळला. त्या मुलाचे वडील नंदुरबारकडून दोन गाड्या बदलून आले होते. त्यांना परत या म्हणायची वेळ आली नाही.

आकडा जास्त आला की तो चुकलाच असं मात्र समजू नका. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल बराच आहे. रक्त कायम कमी असलेल्या माणसाचं हृदय ती उणीव जास्त फेकून भरून काढतं. तिथे मिनिटाला आठ-नऊ लिटर खरे असू शकतात. हिमोग्लोबिनचा कागद शेजारी ठेवा. महाधमनी आणि फुप्फुस-धमनी दोन्ही तेच सांगत असतील तर आकडा खरा धरा.

फोर-डी फ्लोबद्दल थोडकं

नव्या मशीनवर एक स्लाइस न घेता सगळ्या छातीतला प्रवाह तिन्ही दिशांनी घेता येतो. पाच ते पंधरा मिनिटं लागतात आणि प्लेन नंतर हवं तिथे टाकता येतं. गुंतागुंतीच्या जन्मजात दोषांत हे वरदान आहे. पण व्हेंक आणि पार्श्वभूमीची चूक तिथेही सुटत नाही. वर सांगितलेली एका स्लाइसची (टू-डी) रीत हातात बसल्यावरच त्याकडे जा.

रिपोर्टात काय जावं

पुढचं, मागचं आणि निव्वळ रक्त मिलीमध्ये, गळतीचं प्रमाण, कमाल वेग. त्याबरोबर त्या वेळची नाडी, रक्तदाब, लावलेला व्हेंक, श्वास रोखून की मोकळा, आणि फँटम वजा केला की नाही. आकडे जुळले नसतील तर तेही, किती फरक आला त्यासह. दोन चित्रांवर काढलेल्या प्लेनच्या रेघा सेव्ह करून सीडीत टाका. गळतीचा रुग्ण वर्षा-दोन वर्षांनी परत येतो, कधी दुसऱ्याच सेंटरवर. तेव्हा ३४चे ४१ झाले ते झडपेमुळे की स्लाइस दोन सेंटिमीटर खाली घेतल्यामुळे, हे त्या रेघांवरूनच कळतं. नातेवाइकांनो, रिपोर्टच्या कागदाबरोबर ती सीडीही जपून ठेवा आणि पुढच्या वेळी घेऊन या.